गाठ मारलेली वायर

शेजारच्या राधाबाई ज्याच्यावर बसून रोज सकाळी भाजी निवडायच्या, तो खरं तर स्पीकर होता. घोडपदेवच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जाईबाईंची खोली, आणि खोलीच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन काळे लाकडी बॉक्स आडवे टाकलेले. डावीकडच्यावर राधाबाईंची बैठक. उजवीकडच्यावर कधी कुणाच्या कुरडयांचं ताट, कधी इस्त्रीच्या कपड्यांचं बोचकं, कधी शाळेतून येऊन भिरकावलेलं दप्तर. नवा माणूस त्यांना बाकडीच समजला असता. पण चाळ त्यांना 'कुशाबांचे बॉक्स' म्हणायची, आणि कुशाबांना जाऊन दीड वर्ष होत आलं तरी म्हणतच होती.

कुशाबा म्हणजे जाईबाईंचे यजमान, अक्षताचे सासरे. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे कुणी वॉचमन झाले, कुणी गाव गाठलं. ह्या माणसाने दोन बॉक्स, एक अॅम्प्लिफायर आणि एक माईक जमवून साऊंडचा धंदा काढला. लग्न असो, साखरपुडा असो, गेलेल्या कुणाचं पुण्यानुमोदन असो, काळाचौकीपासून भायखळ्यापर्यंत कुशाबांचे बॉक्स हातगाडीवरून हिंडले. चौदा एप्रिलला मात्र कितीही मोठी ऑर्डर येवो, बॉक्स चाळीबाहेर जायचे नाहीत. त्या संध्याकाळी ते आपल्याच चौकात उभे राहायचे, आणि त्यांतून जाईबाईंचा पाळणा वाजायचा.

पाळण्याची त्या चाळीची एक रीत होती. निळ्या-पांढऱ्या फुलांनी मढवलेल्या पाळण्यात, बाबासाहेबांच्या फोटोपाशी, चाळीतलं सगळ्यात धाकटं मूल निजवायचं. बायकांनी दोरी धरायची आणि जाईबाईंनी पाळणा म्हणायचा. शेवटचं कडवं दर वर्षी नवं, जाईबाईंनी स्वतः जुळवलेलं, आणि त्यात त्या मुलाचं नाव गुंफलेलं. चाळीतल्या निम्म्या जाणत्या पोरांची नावं कधी ना कधी त्या काळ्या बॉक्समधून सगळ्यांनी ऐकलेली होती.

यंदा सगळ्यात धाकटी होती मैत्री. अक्षताची लेक. दोन दात आलेली, आणि ते दोन दात सगळ्या जगाला दाखवत फिरणारी. आणि नेमकं यंदाच जाईबाईंनी सांगून टाकलं होतं, "मी काही म्हणणार नाही बाय. माझा आवाज गेला."

गेल्या जयंतीला झालं होतं ते असं. कुशाबांशिवायची ती पहिलीच जयंती. अभयने, म्हणजे अक्षताच्या नवऱ्याने, बॉक्स खाली नेले, जोडले. जाईबाई पांढरं लुगडं नेसून माईकसमोर उभ्या राहिल्या आणि पाळणा सुरू झाला. तेव्हा अक्षताचे दिवस भरत आले नव्हते, पण पाय सुजलेले, म्हणून चौकाच्या बरोबर मधे तिला खुर्ची दिली होती. तिथून तिने ऐकलं. सासूबाईंचा तो भरदार, खालच्या पट्टीतला आवाज कुठे नव्हताच. डब्यातून यावं तसं पोकळ, पातळ, पापुद्र्यासारखं काहीतरी कानांवर येत होतं. शब्द कळत होते, पण त्यांत जीव नव्हता. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "माणूस गेलं आणि आवाज घेऊन गेलं गो." चुकचुकणं पसरत पसरत जाईबाईंपर्यंत पोचलं. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि पटवून घेतलं. पटण्यासारखंच होतं ते. इतक्या वर्षांची जोडी तुटली की आवाज जायचाच.

एकट्या राधाबाई म्हणाल्या होत्या, "काय बोलता? मला तर खणखणीत ऐकू आला!" पण राधाबाईंना जाईचं काहीही चांगलंच वाटायचं, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

*

जयंतीला आठवडा राहिला असताना प्रफुल्ल वर आला. प्रफुल्ल मंडळाचा सेक्रेटरी. लालबागला त्याचं झेरॉक्सचं दुकान, आणि कुठल्याही कामाला त्याच्याकडे दोन तोडगे तयार.

"काकी, जयभीम. बसू का?"

"बस ना रे. त्या बॉक्सवर बस, राधा भाजीला गेलीय."

"तेच बोलायला आलो." प्रफुल्ल बॉक्सवर बसला आणि त्याच बॉक्सवर थाप मारून म्हणाला, "ह्यांचं काय करायचं? यंदा पोरं बोलतात, भाड्याने सेट आणू. आणि पाळणा... तुम्हाला त्रास नको म्हणून पेन ड्राइव्हवर घेऊ. तुमचे कष्ट वाचतील."

"घ्या की," जाईबाई म्हणाल्या. मांडीवरच्या मैत्रीचं झबलं सारखं करत त्या म्हणाल्या, "बरंच झालं."

"आणि बॉक्स? म्हणजे गॅलरीत जागा अडते असं तिसऱ्या मजल्यावाले म्हणतात. मी नाही हं म्हणत."

"भंगारवाला येतो शनिवारी. अभयला सांगते."

हे इतक्या सरळ आवाजात आलं की आत भांडी लावणाऱ्या अक्षताच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. ती बाहेर आली. "थांबा दादा. शनिवारपर्यंत काही ठरवू नका."

"वहिनी, मला काय, मी थांबतो. पण सेटवाल्याला शुक्रवारी कळवायला लागेल."

"शुक्रवारी सांगते."

प्रफुल्ल गेल्यावर जाईबाईंनी विचारलं, "काय सांगणार आहेस शुक्रवारी?"

अक्षताला ते माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की मैत्री झाल्यानंतरचे ते पहिले दोन महिने तिला ह्या बाईने तारलं होतं. दूध नीट येत नव्हतं, ताप उतरत नव्हता, पोर रडायची आणि पोरीबरोबर तीही रडायची. तिला स्वतःची आई आठवतही नव्हती, इतकी ती लहानपणीच गेलेली. जाईबाई काही उपदेश करायच्या नाहीत. अळिवाची खीर समोर ठेवायच्या, पोरीला उचलून छातीशी धरायच्या, आणि ओठ मिटून गुणगुणायला लागायच्या. शब्द नाहीत, नुसता नाद. पोर त्या नादावर गप्प व्हायची. अक्षता भिंतीला टेकून बसायची आणि तिलाही झोप लागायची. उठायची तेव्हा सगळं केलेलं असायचं, आणि गुणगुण चालूच. त्या दिवसांचं ऋण कसं सांगायचं हे तिला कळत नव्हतं. 'थँक यू आई' म्हटलं असतं तर जाईबाई हसल्या असत्या.

आणि आणखी एक गोष्ट तिला माहीत होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. महिन्याभरापूर्वी ती खालून दूध घेऊन आली, दार आतून लोटलेलं होतं, आणि आतून पाळणा ऐकू आला. ओठ मिटून नव्हे, तोंड उघडून, पूर्ण आवाजात. जुना, भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. घरात दुसरं कुणी नाही असं समजून जाईबाई नातीला गाऊन दाखवत होत्या. अक्षता दाराबाहेर उभी राहिली, पिशवीतल्या दुधाच्या थंडाव्याने बोटं बधिर होईपर्यंत. हा आवाज गेलेला नाही, तिच्या मनात आलं. मग गेल्या वर्षी चौकात काय झालं होतं?

*

"बॉक्स खराब असणार," रात्रीचं जेवताना अभय म्हणाला. तो परळला एका ऑफिस-टॉवरमध्ये इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होता, तिथल्या चाळीस मजल्यांच्या वायरी त्याच्या ओळखीच्या. "जुना माल आहे. कॉइल गेली असेल एखादी."

"जोडण्यात काही..."

"जोडायला मी होतो. लाल टू लाल, काळी टू काळी. त्यात काय चुकणार?"

"मीटर ठेवून जा उद्या. मी बघते."

"तू?"

"का? माझ्या हाताला करंट लागणार आहे? बॉक्स तर नुसतेच पडलेत."

अभय हसला. पण दुसऱ्या दिवशी कामाच्या बॅगेतला पिवळा मल्टिमीटर त्याने शोकेसवर काढून ठेवला, आणि जाता जाता दाखवूनही गेला. चकती ओहमवर आणायची, दोनशेच्या घरात. दोन पिना एकमेकींना लावून बघायच्या, शून्याजवळ आलं पाहिजे. मग वायरीच्या दोन टोकांना एकेक. "आठ ओहमचा स्पीकर आहे, साडेसहा-सातच्या आसपास दाखवला की चांगला. नुसता एकचा आकडा कडेला उभा राहिला की समज कॉइल तुटली."

दुपारी मैत्री झोपली. ती झोपली की अक्षताच्या हातात जो काही वेळ यायचा त्याचा भरवसा नसायचा. कधी पोळ्या होऊन भांडी घासून होत, कधी कणीक मळून होते न होते तोच डोळे उघडत. त्या दिवशी तिने कणकेला हातच लावला नाही. गॅलरीत फतकल मारून बसली. बॉक्सच्या मागच्या भोकातून हातभर वायर बाहेर आलेली, एक लाल, एक काळी. टोकं हिरवट झालेली. तिने ती सुरीने खरवडून चकचकीत केली.

मनातल्या मनात ती एकच गोष्ट मागत होती: तुटलेली निघू दे. एक तरी कॉइल तुटलेली निघू दे. मग आईंना सांगता येईल की बघा, आवाज तुमचा नव्हता गेलेला, ह्याचा गेला होता.

जाईबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पिन टेकवली तसं बॉक्सच्या आत 'टक्' असं अगदी बारीक वाजलं, झोपेत पोराने उचकी द्यावी तसं. आकडे धावले आणि थांबले. सहा पूर्णांक सात. चांगला. ती उजवीकडच्या बॉक्सकडे गेली. टोकं खरवडली. पिना टेकवल्या. टक्. सहा पूर्णांक आठ.

तिने पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतंय मीटर?" जाईबाईंनी विचारलं.

खोटं बोलावं असं एक क्षण तिला वाटलं. पण ज्या बाईने आपल्याला कधी खोटा धीर दिला नव्हता तिच्याशी कसं बोलायचं? "दोन्ही चांगले आहेत, आई," ती म्हणाली.

"मग झालं तर." जाईबाई एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाताना त्यांनी झोपलेल्या मैत्रीच्या अंगावरची चादर उगाचच पुन्हा एकदा सारखी केली. अक्षता पिवळं मीटर हातात घेऊन बसून राहिली. आपण काय केलं? इतके दिवस एक शंका तरी होती, तिचाही आधार आपण काढून घेतला.

*

राधाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि आपल्या जागेवर टेकल्या. "काय गो, माझ्या सिंहासनाची मोजमापं घेत होतीस?"

"चांगलं आहे हो तुमचं सिंहासन. तेच तर."

"असायलाच पाहिजे. मी गेल्या जयंतीला ह्याच्याच बाजूला बसले होते, अगदी कान लावून. जाई काय गायली होती! म्हणे आवाज गेला. ह्यांचे कान गेले मेल्यांचे."

अक्षताने मान वर केली. "राधामावशी, तुम्ही कुठे बसला होता?"

"ह्याच्याच बाजूला. गुडघे दुखतात म्हणून खांबाला टेकून."

"आणि आवाज चांगला आला?"

"आता काय लिहून देऊ?"

"मी मधे बसले होते," अक्षता हळूहळू म्हणाली, जणू स्वतःलाच. "मधे बसलेल्या सगळ्यांना वाईट आला. एका बॉक्सजवळ बसलेल्या तुम्हाला चांगला आला. म्हणजे एकेकटा बॉक्स नीट आहे, आणि दोन्ही एकत्र आले की बिघडतं."

"म्हणजे आमच्या दोघी सुना," राधाबाई म्हणाल्या. "एकेकटी सोन्यासारखी."

अक्षता हसली नाही. तिला काहीतरी आठवत होतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षीचं. जयंतीच्या आदल्या दिवशी कुशाबा ह्याच गॅलरीत बसून टॉर्चमधला सेल काढून वायरींना टेकवत होते. बॉक्समधून 'खर्र' असा आवाज येई. ती नवी नवरी, दारात उभी. तिने विचारलं होतं, "बाबा, मीटर आहे ना अभयकडे?" तेव्हा ते म्हणाले होते, "मीटर सांगतो जित्ता आहे का मेलाय. सेल सांगतो तोंड कुठे आहे." तिला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. नव्या सुनेने सासऱ्याला किती विचारायचं, म्हणून तिने पुढे विचारलंही नव्हतं.

ती आत गेली. टॉर्चमधले दोन सेल काढले, एकावर एक धरून कागदात घट्ट गुंडाळले. राधाबाईंना उठवलं. स्क्रू काढून दोन्ही बॉक्सच्या पुढच्या जाळ्या सोडवल्या. आत काळा, पातेल्याएवढा कागदी पडदा.

"तुझी पोर उठेल," राधाबाई म्हणाल्या.

"उठू दे."

डाव्या बॉक्सची लाल वायर तिने सेलच्या टोपीला लावली आणि काळी खालच्या बाजूला टेकवली. खर्र! पडदा पुढे आला, अंगावर येतो तसा. सेल काढला, पडदा परत जागेवर बसला. पुन्हा लावला, पुन्हा पुढे.

उजव्या बॉक्सकडे तिने तेच केलं. लाल टोपीला, काळी खाली. खर्र! पण पडदा आत गेला. श्वास ओढून घ्यावा तसा आत.

तिने पुन्हा केलं. आत. डावा पुढे, उजवा आत. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढून घेतोय. आणि मधे बसलेल्या माणसापर्यंत काय पोचणार? दोघांनी एकमेकांचं पुसून टाकलेलं. वरवरचा पापुद्रा तेवढा उरणार.

"आई!" ती ओरडली. "आई, इकडे या!"

जाईबाई आल्या, कडेवर डोळे चोळणारी मैत्री. खर्र ऐकून मैत्रीने आधी ओठ काढले, मग पडदा हलताना बघितला आणि दोन्ही दात दाखवले.

"उलटा आहे," अक्षता म्हणाली. "एक बॉक्स उलटा आहे. लाल वायर ह्यात अधिकला आहे आणि त्यात वजाला. अभयने लालला लाल जोडली म्हणून..." ती एका बॉक्सकडून दुसऱ्याकडे बघत होती. "पण बाबा असं उलटसुलट का जोडून ठेवतील?"

जाईबाई खाली वाकल्या. मैत्रीला अक्षताकडे दिलं आणि डाव्या बॉक्सची वायर हातात घेतली. मग उजव्याची. दोन्ही वायरी त्यांनी चिमटीतून सरकवत नेल्या, आणि त्यांची बोटं थांबली. डाव्या बॉक्सच्या लाल वायरीला टोकापासून थोडं आत एक गाठ होती. उजव्या बॉक्सच्या काळ्या वायरीला तशीच गाठ.

"ह्या गाठी अभयला दिसल्या नाहीत?" अक्षता म्हणाली.

"दिसल्या असतील. त्याला वाटलं असेल, वायर आत सरकू नये म्हणून मारल्यात." जाईबाई बॉक्सवरच बसल्या, राधाबाईंच्या जागेवर. "ह्या मी मारल्यात."

"तुम्ही?"

"मीच मारायचे. त्यांना लाल दिसायचा नाही." त्या थांबल्या. राधाबाईंकडे बघितलं, मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. लाल आणि काळा त्यांना एकच दिसायचा. जन्मापासून. साऊंडवाल्याला वायरींचा रंग कळत नाही म्हटल्यावर कोण देणार मांडवात हात लावायला? म्हणून कुणाला बोललो नाही. अभयलासुद्धा नाही. आत हाताला येईल ती वायर लावायचे, मग सेल टेकवायचे. मी पडद्यावर तळवा ठेवून सांगायची, आला, नाहीतर गेला. आला की सेलच्या टोपीला जी वायर असेल तिला मी गाठ मारायची. मग मांडवात ते अंधारातसुद्धा जोडायचे. गाठीला गाठ. रंग बघायचेच नाहीत."

"अगं बाई," राधाबाई म्हणाल्या. "म्हणून तो माणूस कायम पांढरे शर्ट!"

"तेसुद्धा मीच काढून द्यायची. निळा मात्र त्यांना लख्ख दिसायचा." जाईबाई हसल्या. "मला गेल्या वर्षी आठवलंसुद्धा नाही गो. अभयचे डोळे चांगले आहेत, त्याला गाठी कशाला, असंच मनात. मला वाटायचं, गाठ त्यांच्या डोळ्यांसाठी आहे."

"ती तुमच्या आवाजासाठी होती, आई."

खाली चौकात पोरं पताकांच्या दोऱ्यांवरून भांडत होती. मैत्री अक्षताच्या कडेवरून वाकून काळ्या पडद्याला हात लावायला धडपडत होती. जाईबाईंनी तिचा तळवा धरला आणि पडद्यावर ठेवला. "लाव सेल," त्या अक्षताला म्हणाल्या. अक्षताने गाठीची वायर टोपीला टेकवली. खर्र. पडदा मैत्रीच्या तळव्यात आला, आणि ती खिदळली.

"आला," जाईबाई म्हणाल्या.

*

शुक्रवारी अक्षताने प्रफुल्लला सांगितलं की सेट नको. प्रफुल्लने आढेवेढे घेतले. "वहिनी, ऐनवेळी परत तसाच आला तर लोक मला..." तेव्हा राधाबाईंनी वरून गॅलरीतून त्याला ओरडून सांगितलं की तुझं नाव ज्या बॉक्समधून पहिल्यांदा चाळीने ऐकलं त्याच्यावर थाप मारून बोललास ना, आता त्याचाच सेट लावायचा. प्रफुल्लने दोन्ही हात वर केले.

अभयला मात्र सगळं दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला पटेना. दुसऱ्यांदा पटलं तेव्हा त्याने हातातला घास ताटात ठेवला. "मला बाबांनी कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "मी लहानपणी त्यांना हसायचो. सिग्नलला ते दुसऱ्या गाड्या कधी हलतात ते बघायचे. मला वाटायचं, घाबरतात."

"तुझ्या हसण्याने त्यांना बरंच वाटायचं," जाईबाई म्हणाल्या. "घाबरट म्हटलेलं चालायचं त्यांना, रंग दिसत नाही हे कळायला नको होतं. जेव, आमटी निवते."

जयंतीच्या संध्याकाळी बॉक्स खाली उभे राहिले. अभयने गाठीला गाठ जोडली. आपल्या कामातली सगळी शिस्त मोडून एकीकडे लाल आणि एकीकडे काळी वायर एकाच ठिकाणी लावताना त्याचे हात जरा अडखळले, पण त्याने ती लावली. वंदना झाली. पाळणा फुलांनी भरला. मैत्रीला निळं झबलं घालून आत निजवलं. ती निजली कसली, कडेच्या झेंडूची पाकळी उपटून तोंडात घालत होती.

अक्षता दोरी धरायला गेली नाही. ती मुद्दाम चौकाच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिली, गेल्या वर्षी तिची खुर्ची होती तिथे. तिला ऐकायचं होतं.

जाईबाई माईकसमोर आल्या. एकदा खाकरल्या. कुणाकुणाच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीची दया अजून तशीच होती, ती अक्षताला दिसत होती. मग आवाज आला.

आला तो डावीकडून नव्हे, उजवीकडूनही नव्हे. बरोबर मधोमध, पाळण्याच्या जागेवरून, पाळणाच गातोय असं वाटावं तसा. भरदार, जरा खर्जातला, वयाने किंचित कापरा. शेजारच्या बाईने अक्षताचं मनगट धरलं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक कठड्याला येऊन टेकले. राधाबाई ह्या वर्षी खांबाला टेकल्या नव्हत्या. मधे येऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकाकडे वळून बघत होत्या, 'काय, सांगितलं होतं की नाही?' अशा नजरेने.

एकेक कडवं पुढे गेलं. शेवटचं, नवं कडवं आलं. ते जाईबाईंनी घरात कुणालाच ऐकवलं नव्हतं.

मैत्रीबाईचा पाळणा निळ्या गं फुलांचा,
बॉक्स वाजतो दारात तिच्या आजोबांचा,
गाठ ओळखली जिने, हात तिच्या आईचा…

बायकांनी 'जो जो' उचललं. इतक्या वर्षांत त्या पाळण्यात मुलाचं नाव आलं होतं, पण त्याच्या आईला कधी कडव्यात जागा मिळाली नव्हती. अक्षता चौकात उभी होती आणि तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मग ती गेली आणि तिने दोरी धरली.

कार्यक्रम आटोपल्यावर माणसं पांगली, खीर वाटून झाली. अभय वायरी सोडवत होता. दोन्ही गाठींपाशी तो थांबला आणि खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं.

"काय करतोस?" जाईबाईंनी विचारलं.

"खूण करतो, आई. पुढच्या वर्षी मी नसलो, दुसऱ्या कुणी जोडलं..."

"गाठ सोडू नकोस."

"गाठ नाही सोडत गं. गाठीवरच लावतो."

जाईबाईंनी रीळ हातात घेऊन दिव्याकडे धरून बघितलं. निळं होतं.

"लाव," त्या म्हणाल्या, आणि पाळण्यातून मैत्रीला उचलायला गेल्या.